चव्वेचाळीस किलो उतरले, कातडी मागे राहिली

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, उंची १५८ सेंटिमीटर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, दोन सिझेरियन झालेली. अडीच वर्षांपूर्वी वजन ११२ किलो होतं. खाणं आवरून आणि रोज चालून, कुठलंही ऑपरेशन न करता, ते ६८ वर आणलं. गेले सात महिने तिथेच आहे. आता ओटीपोट लोंबतं, दंडांची आणि मांड्यांची कातडी सुटली आहे, पोटाच्या घडीत घामाने सारखी खाज सुटते. जिमचे सर म्हणतात, अजून आठ किलो उतरवा, आपोआप बसेल. पार्लरमध्ये मशीनच्या आठ सिटिंग सांगितल्या आहेत. सासूबाई म्हणतात, आधीच बरी दिसत होतीस. ऑपरेशनशिवाय काही होईल का, आणि करायचंच झालं तर दिवाळीच्या सुट्टीत करून शाळा गाठता येईल का?

मी प्लास्टिक सर्जन. बावीस वर्षं हे काम करतोय, आणि त्यातली निम्मी ओपीडी लोकांना ‘सध्या काही करू नका’ असं सांगण्यात गेली आहे. तेव्हा लगेच टेबलावर घेईन अशी भीती बाळगू नका.

सासूबाईंचं आधी निकालात काढू. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४५ होता, तो २७ झाला. गुडघे, साखर, रक्तदाब, रात्रीची झोप, सगळ्यांच्या खात्यावर हा जमेचा आकडा आहे. चेहरा उतरलेला दिसतो कारण गालांची चरबी सगळ्यात आधी जाते. लोकांची नजर सरावायला वर्षभर लागतं.

आता मुख्य गोष्ट. पोटाला हात लावल्यावर हातात येतं ते नक्की काय आहे, हे कळल्याशिवाय पुढचं सगळं बोलणं फुकट आहे. तिथे तीन वेगळ्या वस्तू असतात: कातडी, चरबी आणि सैल पडलेला स्नायू. तिघांवरचे उपाय वेगळे, आणि वजनकाट्याला तिघी सारख्याच.

ओपीडीत मी जे करतो ते घरी करून बघा. आरशासमोर उभं राहा आणि बेंबीच्या चार बोटं खाली अंगठा आणि तर्जनीत घडी धरा. घडी पातळ, चुरगळलेल्या सुती कापडासारखी असेल आणि सोडल्यावर हळूहळू जागेवर जात असेल, तर ती कातडी. घडी जाड, भरीव, चिमटीत न मावणारी असेल, तर आत चरबी आहे. मग कमरेतून पुढे वाका. कातडी असेल तर पडद्यासारखी लोंबते आणि तिला चुण्या पडतात. चरबी गोळ्यासारखी एकसंध राहते. आता पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, बोटं बेंबीवर उभी ठेवा आणि फक्त डोकं उचला. मधोमध बोटं आत जाणारी फट लागली, किंवा होडीच्या तळासारखा उंचवटा वर आला, तर पोटाचे दोन उभे स्नायू गर्भारपणात एकमेकांपासून सरकलेत आणि पुन्हा जवळ आलेले नाहीत. दोन बोटांहून जास्त फट म्हणजे दखल घ्यावी इतकी. आणि झोपल्यावरही पोट घुमटासारखं वरच राहत असेल, तर चरबी कातडीखाली नाही, आत आतड्यांभोवती आहे. तिच्यापर्यंत आमची सुरी पोहोचत नाही. ती फक्त खाणं-चालणं-झोप यांनीच हलते.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं तुमच्याकडे मुख्यतः कातडी आहे, ओटीपोटावर थोडी चरबी, आणि बहुधा फटही. त्यात सिझेरियनचा टाका. तो आत चिकटून त्या रेषेला खाली धरून ठेवतो, आणि वरचं सगळं त्याच्यावरून सज्जासारखं पुढे येतं. पुष्कळ जणी त्यालाच ‘हट्टी चरबी’ म्हणतात. तिथे चरबीपेक्षा टाक्याचीच करामत जास्त.

कातडी परत का जात नाही? उत्तर बहुतेक जण ‘ताणली गेली म्हणून’ असं देतात, पण ते अर्धंच आहे. आम्ही भाजलेल्या रुग्णांत एक गंमत वापरतो. जळक्या व्रणाशेजारच्या चांगल्या कातडीखाली सिलिकॉनचा रिकामा फुगा ठेवायचा आणि दर आठवड्याला त्यात थोडं थोडं सलाइन भरायचं. दोन-तीन महिन्यांत वरची कातडी ताणली तर जातेच, पण वाढतेही. नव्या पेशी तयार होतात, क्षेत्रफळच वाढतं. मग तो व्रण काढून ही जास्तीची कातडी त्या जागेवर ओढून घ्यायची. तुमच्या पोटावर हेच घडलं, फक्त फुगा चरबीचा होता आणि तो दहा-पंधरा वर्षं तिथे होता. म्हणजे तुमच्या अंगावर आज खरोखरच जास्तीची कातडी आहे, आणि वाढलेली कातडी व्यायामाने कमी होत नाही.

जी ताणली गेली तिचंही अवघड आहे. कातडीच्या आतल्या थरात कोलॅजेनचे मजबूत धागे आणि इलॅस्टिनचे लवचीक धागे असतात. कोलॅजेन शरीर आयुष्यभर बनवतं. इलॅस्टिन मात्र बहुतांश जन्माआधी आणि लहानपणीच बनतं. मोठेपणी तुटलं की नीट पुन्हा विणलं जात नाही. जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकचं जे होतं तेच. पोटावरचे पांढरे चट्टे म्हणजे हा आतला थर जिथे जिथे फाटला त्या जागा. ते जितके जास्त, तितकी कातडी मागे येण्याची आशा कमी. वय, उन्हात घालवलेली वर्षं, तंबाखू-मिश्री आणि घराण्याची देणगी यांचाही वाटा असतो. वजन स्थिर झाल्यावर वर्ष-दीड वर्ष कातडी थोडीफार आवळते, पुढे फारसं नाही. तुमचे सात महिने झालेत. अजून थोडं मिळेल, पण पडद्याचा पदर लहान होईल, पडदा जाणार नाही.

चरबीचं गणित निराळं. २००८ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी एक सुंदर युक्ती केली. शीतयुद्धाच्या काळात अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, वाढला आणि नंतर ओसरत गेला. त्या खुणेवरून त्यांनी माणसाच्या चरबीपेशींचं वय काढलं. निष्कर्ष असा की प्रौढपणी या पेशींची संख्या जवळपास कायम राहते. दरवर्षी साधारण दहा टक्के मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. भरपूर वजन उतरवलेल्यांतही संख्या घटली नव्हती, पेशी फक्त रिकाम्या झाल्या होत्या. म्हणजे तुमच्या पोटावर आज रिकाम्या पिशव्या घेऊन सगळे हजर आहेत, दिवाळीच्या फराळाची वाट बघत.

आणि सगळीकडच्या पेशी सारख्या नसतात. चरबीपेशीवर अ‍ॅड्रिनॅलिनचा निरोप ऐकणारी दोन प्रकारची दारं असतात: एक ‘चरबी सोड’ म्हणणारं, दुसरं ‘धरून ठेव’ म्हणणारं. बायकांच्या नितंबांवर आणि मांड्यांवर दुसऱ्या प्रकारची दारं जास्त. गर्भारपण आणि दूध पाजणं यांच्यासाठी केलेली ही बेगमी आहे. म्हणून चेहरा आणि छाती आधी उतरतात, खालचं अंग शेवटी. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जात नाही. स्नायू ज्या रक्तातून इंधन घेतो ते सगळ्या शरीराचं असतं.

तर जिमच्या सरांचं काय? ते अगदीच चूक नाहीत. भारतीयांसाठी बीएमआय २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. तुमच्या उंचीला ते ६२ किलो होतात. पण ६८ मधले दोन-तीन किलो नुसती लोंबती कातडी असू शकते, ती उपाशी राहून जाणार नाही. शिवाय याच्या पुढचे किलो तुम्ही अर्धपोटी उतरवले तर ते चेहरा, छाती आणि दंडाच्या स्नायूंतून जातील, आणि पोटाची खोळ आणखी रिकामी होऊन जास्तच लोंबेल. म्हणून माझा सल्ला: कंबर मोजा. पडद्यावरून टेप लावून नाही, त्याच्या वर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. ती ८० सेंटिमीटरच्या आसपास असेल आणि साखर, रक्तदाब, रक्तातल्या चरबीचे रिपोर्ट ठीक असतील, तर वजनाचा पाठलाग सोडा. कंबर ९० असेल तर सरांचं ऐका, पण ते सगळं ऑपरेशनच्या आधी.

हा आधी-नंतरचा क्रम मी चूक करून शिकलो. धंद्यात नवीन असताना एका बाईंचं पोट केलं. वजन अजून उतरत होतं, पण घरात लग्न होतं, त्यांना घाई, आणि मला काम करून दाखवायची हौस. काम छान झालं. पुढच्या आठ महिन्यांत त्यांचे अकरा किलो गेले आणि त्या पुन्हा समोर येऊन बसल्या, टाक्यांच्या रेषेवर नवी झोळी घेऊन. त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं. आता किमान सहा महिने वजन दोन-तीन किलोंच्या आत राहिल्याशिवाय मी तारीख देत नाही. बेरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठीची जठराची, शस्त्रक्रिया झालेल्यांना त्या दिवसापासून बारा ते अठरा महिने थांबायला सांगतो. हल्ली वजन उतरवणाऱ्या आठवडी इंजेक्शनांवरचे लोकही येतात. त्यांनाही तोच नियम, शिवाय औषध चालू आहे हे भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवं, कारण त्या औषधाने पोट उशिरा रिकामं होतं.

ऑपरेशनशिवाय काय मिळतं? स्नायू. दंड आणि मांड्यांमध्ये तुम्ही जितका स्नायू भराल तितकी खोळ थोडी भरते, आणि तो फरक दिसतो. आठवड्यातून तीनदा वजन घेऊन व्यायाम, नुसतं चालणं नाही. त्यासाठी प्रथिनं दिवसाला ७० ग्रॅमच्या घरात हवीत, आणि आपल्या ताटात तिथेच गोची आहे. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम असतात, अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. पोळी-भाजी-वरण-भातावर ७० होत नाहीत. शाकाहारी असाल तर उसळ, दही, पनीर, सोयाबीनचे वडे यांचा रोजचा हिशेब ठेवा. मासे खात असाल तर प्रश्नच नाही.

क्रीम कुठलंही वापरा, कातडी मऊ होईल. आवळणार नाही. मशीनचं खरं-खोटं असं: रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा अल्ट्रासाउंड आतला थर तापवून कोलॅजेनला चालना देतात. हनुवटीखाली, किंवा आठ-दहा किलो उतरलेल्या माणसाच्या किंचित सैल पोटावर फरक दिसतो. चव्वेचाळीस किलोंच्या पडद्यावर तो पाण्यात मीठ टाकल्यासारखा आहे. चरबी गोठवण्याचं मशीन चरबीचा थर वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी करू शकतं, पण तुम्हाला त्याने नुकसानच होईल, आतला कापूस कमी आणि खोळ तेवढीच. शिवाय क्वचित त्याचा उलटा परिणाम होऊन तिथेच चरबीचा कडक गोळा वाढतो; लिंडा इव्हँजेलिस्टा या मॉडेलने २०२१ साली आपल्यावर हे ओढवल्याचं जाहीर सांगितलं. नुसतं लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, तेही याच कारणाने तुमच्यासाठी नाही. आठ सिटिंगचे पैसे बाजूला ठेवा.

घडीतल्या खाजेकडे मात्र आजच बघा. दुकानातून मिळणारी लाल-पिवळी ‘तीन औषधं एकत्र’ असलेली ट्यूब लावत असाल तर बंद करा. त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी पसरते आणि तिथली कातडी आणखी पातळ होते. अंघोळीनंतर घडी उचलून मऊ कपड्याने टिपून कोरडी करा, मध्ये धुतलेल्या सुती कापडाची पट्टी ठेवा, आणि परकराची नाडी घडीवर काचत असेल तर नाडीऐवजी रुंद पट्ट्याचा परकर घ्या. पंधरा दिवसांत नाही थांबलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि प्रत्येक कागद जपून ठेवा. कारण आरोग्यविमा सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया धरत नाही, पण वैद्यकीय गरज म्हणून डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या शस्त्रक्रियेला वाव असतो. वारंवार चिघळणाऱ्या घडीचे फोटो आणि उपचारांचे कागद असले तर निदान बोलता येतं. मिळेलच असं नाही.

आता ऑपरेशन. यात तुम्ही एक सौदा करता: कातडी द्यायची आणि व्रण घ्यायचा. व्रण कायमचा. हे ज्याला पटतं त्यानेच यावं. ‘लेझरने करा, खूण नको’ असं म्हणणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

पोटाच्या ऑपरेशनात एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत खालच्या बाजूने रेघ जाते. ब्राझीलचे इव्हो पितांगी यांनी १९६७ साली सलग ३०० रुग्णांचा अनुभव मांडला तेव्हापासून ती खाली, कपड्यात झाकेल अशी ठेवण्याची रीत रुळली. तुमचा सिझेरियनचा टाका निघणाऱ्या भागातच जातो. बेंबी तिच्या देठावर जागच्या जागी ठेवून वरची कातडी बरगड्यांपर्यंत सोडवायची, फट असलेले स्नायू मधोमध शिवून घ्यायचे, कातडी खाली ओढायची, जास्तीची कापायची आणि बेंबीसाठी नवीन भोक करायचं. कापलेला तुकडा आम्ही तराजूवर ठेवतो. नातेवाईक ‘किती किलो?’ विचारतात आणि अडीच-तीन ऐकून त्यांचा चेहरा पडतो. वजन कमी करायचं हे ऑपरेशनच नव्हे. आडवी कातडीही खूप असेल तर मधोमध एक उभी रेघही घ्यावी लागते. ती झाकता येत नाही, म्हणून आधी सांगतो.

दंडाची रेघ काखेपासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूला. त्यासाठी बायकांना मी रोजचा ब्लाउज आणायला सांगतो, बाही कुठवर येते ते बघून निर्णय घ्यायला. कोपरापर्यंत बाही घालणारीला हा सौदा स्वस्त पडतो. मांडीचं काम सगळ्यात कटकटीचं: जांघेत घाम, चालताना ओढ, टाके उसवण्याचं प्रमाण जास्त. एका भुलीत सगळं उरकण्याचा हट्ट धरू नका. आधी पोट, तीन-चार महिन्यांनी दंड, मांड्या तेव्हाही नको वाटल्या तर सोडून द्या.

धोके कागदावर सही घेण्यापुरते नसतात. जखमेखाली पाणी साठतं, ते सुईने काढावं लागतं, हे नेहमीचंच. कातडीची कड काळी पडू शकते, आणि तंबाखू-मिश्रीवाल्यांत फार पडते, म्हणून आधी आणि नंतर चार-चार आठवडे पूर्ण बंद. पोटरीत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं दुर्मीळ, पण जीवघेणं. म्हणून त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी चालवतो. कानाच्या पाळीवर टोचल्यावर गाठ आली होती का, हेही सांगा. आपल्याकडच्या कातडीला जाड व्रणाची खोड असते. आणि रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. कमी खाऊन वजन उतरवलेल्या बाईत तो असण्याची शक्यता आणखी जास्त. हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आधी जागेवर आणायचं.

सर्जन निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी बघा, दवाखान्याचा सोफा नको. खर्चात भूलतज्ज्ञ, खोली, नंतर पोटाला बांधायचा पट्टा, जीएसटी आणि पुढे काही दुरुस्ती लागली तर ती धरली आहे का, हे लेखी घ्या. आणि त्यांच्याच रुग्णांचे वर्षभरानंतरचे व्रणांचे फोटो मागा. सहाव्या आठवड्यातले नकोत, तेव्हा सगळेच लाल असतात.

शाळेचं. पहिला आठवडा तुम्ही कमरेत वाकून चालाल, पायाखाली आणि डोक्याखाली उशा घेऊन झोपाल. पोटाच्या दोन्ही बाजूंना नळ्या असतील. त्यातलं पाणी आधी लाल, मग फिकट, मग हळदीच्या पाण्यासारखं होतं, आणि चोवीस तासांत ३० मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतो. पट्टा सहा आठवडे, दिवसरात्र. खुर्चीवर बसून काम तिसऱ्या आठवड्यात जमतं, फळ्यासमोर तासभर उभं राहणं चौथ्या-पाचव्यात, स्कूटी चौथ्यानंतर. पाण्याचा हंडा, सिलिंडर, जमिनीवर बसून झाडणं सहा आठवडे दुसऱ्या कुणीतरी करायचं, आणि हे घरात आधी ठरवून घ्या. माझ्या अनुभवात टाके उसवण्यामागे बहुतेक वेळा पाण्याचा हंडा निघतो. बेंबीखाली कित्येक महिने बधिर राहील, तिथे गरम पाण्याची पिशवी चुकूनही ठेवू नका. भाजलेलं कळत नाही.

म्हणजे नुसत्या दिवाळीच्या सुट्टीत हे बसत नाही. सुट्टीच्या पहिल्या दिवशी ऑपरेशन आणि पुढे दोन-तीन आठवड्यांची वैद्यकीय रजा धरा. उन्हाळ्याची सुट्टी लांब असते, पण मे महिन्यात त्या पट्ट्यात काय होतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. येताना रक्ताचे रिपोर्ट, सात महिन्यांच्या वजनाच्या नोंदी, रोजचा परकर आणि ब्लाउज घेऊन या. रेघ कुठे मारायची ते परकराच्या नाडीवरूनच ठरवतो.